सरूबाईच्या फलकाची दुरुस्ती

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
९ जानेवारी २०२५

मोनाली, जय भीम.

फोनवर तू ‘दादा, नंतर बोलू’ म्हणून मधेच तोडतेस, म्हणून लिहितोय. लिहिलेलं मधेच तोडता येत नाही.

तुझ्या प्रदर्शनाचे फलक काल आमच्या छापखान्यात तपासायला आले. औरंगपुऱ्यात दुसरा मुद्रितशोधक मिळाला नसता असं नाही, पण तू ते माझ्याकडेच पाठवलेस. बरं वाटलं, हे आधी नोंदवतो. गल्लीबोळांतल्या बायांची हकिकत त्यांच्याच शब्दांत, वर त्यांचा फोटो, बाजूला कानाला लावायचं यंत्र आणि त्यातून त्याच बाईचा आवाज. कल्पना चांगली आहे. ‘सांगून ठेवलेलं’ हे नावही चांगलं आहे. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या, त्या काढल्या. तुझे विद्यार्थी हैदराबादचे, त्यांच्याकडून एवढं चालायचंच.

आता मायच्या फलकाकडे येतो. तिचं बोलणं तू दिवाळीत सलग बसून टेप केलंस, आणि तिची बोली तुझ्या मुलांना कळत नाही म्हणून उतरवायचं काम मला दिलंस. मी ते कार्तिकात पुरं करून, स्वच्छ प्रत काढून पाठवलं. तरी फलक करताना तू माझी प्रत बाजूला ठेवून टेपवरचंच घेतलंस. आपल्या गावातली वस्ती विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत जाळली आणि आपण पायी शहराकडे निघालो, त्या दिवसाबद्दल तू मायच्या तोंडचं असं छापते आहेस:

‘माझी लेक चिमा वाटंत अंगावर पिता पिता गेली. थंडी लई व्हती. लिंबाखाली ठिवली तिला अन् पुढं निघालो.’

मोनाली, वस्ती जळली ती अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात. तेव्हा थंडी कुठली? पण ती बारीक गोष्ट झाली. मोठी गोष्ट अशी की आपल्याला चिमा नावाची बहीण नव्हती. तू तेव्हा जन्मली नव्हतीस. मी सहा वर्षांचा होतो, आपल्या वडिलांच्या, दादांच्या खांद्यावर बसून सगळं पाहत होतो, आणि माझ्या पाठचा बद्री मायच्या कडेवर होता. चिमा ही आपली शेजारीण मनकर्णाबाई, तिची मुलगी. मनकर्णाबाई आपल्यासोबतच चालत होती. पुढे ती घाटी दवाखान्यात वारली, तेव्हा तू बालवाडीत असशील.

माय आता थकली आहे. तिच्या डोक्यात दोन घरांच्या गोष्टी मिसळल्या आहेत. यात तिचा दोष नाही, पण भिंतीवर लावायच्या इतिहासात तसं चालत नाही. वर्तमानपत्रात शहराच्या एखाद्या जुन्या दरवाज्याचं साल चुकलं तर मी संपादकाला पत्र पाठवतो, आणि माझ्याच आईच्या फलकावर चूक राहू देऊ? म्हणून मी तिथं दुरुस्ती केली आहे: ‘शेजारीण मनकर्णाबाई यांची मुलगी वाटेत दगावली. पाऊस होता.’ फलक छपाईला गेला.

मला विचारायला हवं होतंस, असं तू म्हणशील. विचारलं असतं तर तू वाद घातला असतास, आणि छपाईला उशीर झाला असता.

उद्घाटनाला मायला मी घेऊन येतो. तिला पांढरं पातळ धुऊन ठेवलंय.

तुझा दादा,
कडुबा


२० जानेवारी २०२५

मोनाली,

तू घरी न येता सभागृहातून परस्पर स्टेशनवर गेलीस. मायनं तुझ्यासाठी धपाटे करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ते आम्हीच खाल्ले.

तू माझ्यावर रागावली आहेस. तुझ्यापर्यंत काय पोचलं आणि काय नाही ते मला माहीत नाही, म्हणून घडलं ते क्रमानं लिहितो. तू तेव्हा दारात पाहुण्यांपाशी होतीस.

माय स्वतःच्या फोटोसमोर खुर्चीवर बसली होती. एका कानाला तिनं ते यंत्र लावलं होतं आणि स्वतःचा आवाज ऐकून हसत होती. ‘ही बया लई बोलती,’ असं शेजारच्या बाईला म्हणाली. तुझी एक विद्यार्थिनी, चष्मेवाली, तिला फलक वाचून दाखवायला लागली. माय म्हणाली, ‘काय म्हनली? पुन्यांदा वाच.’

मुलीनं वाचलं. शेजारीण मनकर्णाबाई यांची मुलगी.

‘अन् ह्या कानात तर मी येगळंच बोलायले,’ माय म्हणाली. भोवतीचे लोक हसले. वाईट हेतूनं नाही. म्हातारी गमतीची बोलली असं त्यांना वाटलं.

‘कोनी केलं हे?’

मी पुढं झालो. मी लपणारा माणूस नाही. म्हटलं, ‘माय, मी केलं. ती मनकर्णाबाईची होती. तू चुकून आपली म्हणालीस. इतिहासात असं चालत नाही.’

‘चालत नाय व्हय,’ ती म्हणाली. एवढंच. मग यंत्र कानातून काढून मांडीवर ठेवलं. तू आलीस तेव्हा ती तुला काय म्हणाली ते तुला माहीतच आहे: ‘मोने, माझं काढून टाक. बोललेलं बी पुसून टाक.’ तू म्हणालीस, घरी जाऊन बोलू. ती म्हणाली, ‘घरी बी हाच हाय.’

यावरही लोक हसले. मीही हसलो, काय करणार.

आणि तू मला जाताना जे म्हणालीस ते मी लक्षात ठेवलं आहे. ‘दादा, तुला प्रूफ तपासायला दिलं होतं, माय नाही.’ वाक्य चांगलं आहे. तुझ्या एखाद्या लेखात वापर.

मी चुकलो असं मला अजून वाटत नाही. घटना जशी घडली तशी मी लिहिली.

माय बरी आहे. गुडघ्याला तेल लावतो.

कडुबा


२३ फेब्रुवारी २०२५

मोनाली, जय भीम.

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. म्हणजे तुमच्या कामाची रीत अशी: बाईनं आपण होऊन सांगितलं तर ठेवायचं, आणि बाई म्हणाली काढा, की काढायचं. फलक तर उतरवलाच आहे. आवाज मात्र बुद्धपौर्णिमेपर्यंत ठेवणार, तोवर तिचं मन बदललं तर ते तिनं स्वतः सांगायचं. नाही सांगितलं तर सगळ्या प्रती पुसणार. मी मुलगा असलो तरी माझा शब्द धरणार नाही.

वाचून मला राग आला. माय त्या दिवशी रागात बोलली, आणि रागातलं बोलणं कुणी पाळतं का? पण नंतर विचार केला, मी तुझ्या जागी असतो तर हाच नियम केला असता आणि असाच पाळला असता. म्हणून वाद घालत नाही.

पण तुला एक कळवायला हवं. माय सांगायची बंद झाली आहे.

म्हणजे बोलते. विचारलं तर उत्तर देते. ‘माय, जेवलीस का?’ ‘जेवले. भाकर अन् वरण. बरोबर हाय का?’ प्रत्येक वाक्यामागं हे लावते. पहिल्यांदा मला वाटलं टोमणा मारतेय, म्हणून मी सोडून दिलं. आता तसं वाटत नाही. ती खरंच थांबून माझ्या तोंडाकडं बघते. परवा दवाखान्यात नर्सनं वय विचारलं तर म्हणाली, ‘कडुबाला इचार. माझं समदं त्यालाच ठाव हाय.’ पूर्वी वय विचारलं की ही कुठला दुष्काळ, कुणाचं लग्न, कुणाची म्हैस व्याली, असं पुराण सुरू करायची आणि रांग खोळंबायची. संध्याकाळी ओट्यावर गल्लीतल्या बाया येतात, या आशेनं की सरूबाई काहीतरी सांगेल. ती लसूण सोलत बसते. त्या उठून जातात.

म्हणून मी बिडकीनला गेलो. हेतू काय होता तेही खरं लिहितो. मनकर्णाबाईचा दीर सांडू अजून आहे. त्याच्या तोंडून पक्कं करून आणावं, मग मायला सांगावं की बघ, सांडूमामाही तेच म्हणतो, आता धरून बसू नकोस. साक्षीदार मिळाला की वाद मिटतो असा माझा अनुभव आहे.

सांडूमामा आता तिकडच्या एका नव्या कारखान्याच्या फाटकावर बसतो. मी विचारलं, ‘चिमा कुणाची होती?’

‘मनीची,’ तो म्हणाला. ‘माझ्या भावाची लेक ती.’

मी म्हटलं, बस्स, एवढंच हवं होतं. निघालो होतो. तो मागून म्हणाला, ‘पर दूध तुझ्या मायचं. मनीचं दूध बाळंतपणातच आटलं. सरूनंच पाजली तिला, जल्मल्यापासून. एका अंगाला बद्री अन् एका अंगाला ती. तुला कसं ठाव नाय? तू तर चिडायचा. म्हनायचा, ही आपल्या घरची नाय, हिला खाली ठिव.’

मला हे आठवत नाही, मोनाली. दादांचा खांदा आठवतो, त्यांच्या टोपीला आलेला धुराचा वास आठवतो. हे आठवत नाही.

मी विचारलं, ‘गेली तेव्हा कुणाकडं होती?’

‘सरूकडंच की. तोंडात दूध अन् जीव गेला. सरूला वाटलं निजली. तशीच घेऊन चालली बराच येळ.’

थंडीचंही विचारलं. म्हटलं श्रावण होता ना? तो म्हणाला, ‘रातभर भिजल्यावर काय वाजतं रं मानसाला?’

त्यानं लिंबाची जागा दाखवली. तिथं आता चौपदरी रस्ता आहे, दुभाजकात कण्हेर लावली आहे. मी थोडा वेळ उभा राहिलो. ट्रक फार जातात, उभं राहवत नाही.

मायला अजून काही सांगितलेलं नाही. कसं सांगावं याचा विचार करतोय.

कडुबा


२० एप्रिल २०२५

मोनाली,

जयंतीला तू येशील असं वाटलं होतं. माय दारात खुर्ची टाकून बसली होती. मिरवणूक बघायला बसलेय असं म्हणाली. मिरवणूक आपल्या गल्लीतून जात नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्यापाशी बसलो आणि सांडूमामाकडं गेल्याचं सांगितलं. तयारी करून बसलो होतो. म्हटलं, ‘माय, तू म्हणालीस ते खरं होतं. चिमा तुझ्या अंगावर वाढली. सांडूमामानं सांगितलं.’

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं.

‘सांडूनं सांगितलं म्हून खरं झालं व्हय?’ ती म्हणाली. ‘मी सांगितलं तवा नाय झालं.’

 ती लसूण सोलत होती, सोलत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं आपण होऊन तोंड उघडलं. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. तिचं बोलणं आठवेल तसं देतो, सुधारणा केलेली नाही.

‘मनी घाटीत व्हती. नवरा आधीच गेला. सांडूनं तिला दारात उभं केलं नव्हतं, आता फाटकावर बसून गोड बोलतो. मला म्हनली, सरू, माझं कोनी ऱ्हायलं नाय. मी गेले की चिमा बी गेली. तिचं नाव घ्यायला कोनी नको का? मी म्हनलं, माझी म्हून ठिवते. माझे चारचौघात दोन शब्द कोनी तरी ऐकंल. तुझी म्हून सांगितली तर कोन ऐकतं? कोन ही मनकर्णा, म्हनतील.’

मग म्हणाली, ‘मोनीनं इचारलं, माय, तुझं सांग. माझं म्हंजी तीबी आलीच की त्यात. तू तिला पुन्ना शेजारणीची करून टाकली. आता तिला कोनी नाय.’

मी म्हटलं, ‘माय, मग मोनीला सांग, पुसू नको म्हणावं. अजून वेळ आहे. आत्ता फोन लावतो.’

तुला तो फोन आठवत असेल. तू तिला तीनदा विचारलंस, तेही माझ्याशी एक शब्द न बोलता. तिनं तिन्ही वेळा ‘पुस’ म्हटलं. तू कारण विचारलंस तेव्हा तिनं फोन माझ्या हातात दिला. कारण तिनं मला नंतर सांगितलं, आणि ते तुला कळावं म्हणून हे पत्र.

‘लोक हसले, कडू. पाटीवर येक, कानात येक, म्हून हसले. तिच्यावर हसले. घरातल्या घरात सांगत व्हते तवर कोनी हसलं नव्हतं.’

मी तिला म्हटलं, पाटी मी बदलून देतो. नवी, माझ्या खर्चानं, अक्षर न अक्षर तू म्हणशील तसं. ती म्हणाली, ‘नको. तू लई चांगलं लिवतोस.’

यात टोमणा नव्हता. तिचा आवाज मी ओळखतो.

मोनाली, तू बहीण म्हणून नाही, त्या तुझ्या शास्त्राची अभ्यासक म्हणून मला एक सांग. तुझ्याकडं अशा बाया येत असतील. एखादीचं मन परत वळवता येतं का? तुम्ही काय करता? माझ्याकडं आजवर एकच काम आलं: चूक दिसली की काढायची. चूक परत कशी ठेवायची ते मला कुणी शिकवलं नाही आणि माझं मीही शिकलो नाही.

पौर्णिमा बारा मेला आहे. तू येऊन तिच्यासमोर बसलीस तर काही होईल. माझ्यामुळं येत नसशील तर मी त्या दिवशी घरी थांबणार नाही, छापखान्यातच बसेन. किल्ली शेजारी असते.

कडुबा


१ जून २०२५

मोनाली,

पुसल्याचं तुझं पत्र मिळालं. सगळ्या प्रती काढल्या, एकही शिल्लक नाही, असं लिहिलं आहेस. नियम पाळलास. मी काही म्हणणार नाही.

अक्षर नेहमीसारखं नव्हतं. तू ते लिहिताना कशी होतीस ते मी विचारत नाही.

मी तुला कळवलं नव्हतं, पण शेवटच्या आठवड्यात मला एक धीर होता. वाटलं, तिकडचं पुसलं तरी माझी प्रत आहे. दिवाळीनंतर मी सगळं उतरवलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पौर्णिमेनंतर कपाटातून काढली आणि वाचायला बसलो. रविवार होता, दुपार होती, माय आत झोपली होती.

प्रत निर्दोष आहे. एवढ्या पानांत एक काना इकडचा तिकडं नाही. मायच्या लग्नाचं साल मी दादांच्या आठवणीशी ताडून दिलं आहे. गावांची नावं, अंतरं, सगळं बरोबर. जिथं ती भरकटली तिथं मी तिला परत वाटेवर आणलं आहे. एकच गोष्ट ती चार वेळा सांगते, तिथं मी एकदाच ठेवली आहे. मधेच ती म्हशीचं गाणं म्हणते, ते काढलं. ‘पुढं काय सांगत व्हते मी’ हे जिथं जिथं आलं तिथून उचललं. चिमाबद्दल लिहिलंय, ‘याच प्रवासात शेजारणीच्या कन्येचे निधन झाले.’

मी सबंध प्रत वाचली आणि मोनाली, मला त्यात माय कुठंच सापडली नाही. कुठल्यातरी सरूबाई नावाच्या बाईची माहिती आहे.

टेप ऐकत ऐकत जो पहिला मसुदा केला होता, त्यात तिचे शब्द जसेच्या तसे होते. स्वच्छ प्रत झाली की मसुदा मी फाडतो. छापखान्यात तीच रीत आहे, नाहीतर उद्या कुणीतरी चुकीचंच जुळवून बसेल. मसुदा नोव्हेंबरात रद्दीत गेला.

म्हणून आता मी आठवायला बसतो. म्हशीचं गाणं कुठून सुरू व्हायचं? आजोबांना पोलीसपाटलानं बोलावलं तेव्हा आजी काय म्हणाली होती? त्यावर आपण दोघं त्या दिवाळीत एवढे हसलो होतो की तुला टेप थांबवावा लागला. अर्थ आठवतो. शब्द आठवत नाहीत. शब्द म्हणायला गेलो की माझेच येतात, स्वच्छ, आणि तिचे म्हणून मला ते खपवता येत नाहीत.

मायला विचारलं. ‘माय, ते म्हशीचं कसं होतं गं?’

‘कोनची म्हैस?’

‘तू दिवाळीत सांगितलीस ती.’

‘नाय बा. माझ्या ध्यानात नाय,’ ती म्हणाली. तिच्या ध्यानात आहे. तिनं तोंड फिरवलं त्यावरून मला कळलं.

ती दिवसभर ओट्यावर बसते, पण आता बाया येत नाहीत. खाणंपिणं ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं उत्तम. मी सकाळी जाताना ‘येतो माय’ म्हणतो, ती ‘ये’ म्हणते. मागं ‘बरोबर हाय का’ लावायचं तिनं सोडलं आहे. ते सुटलं तेव्हा मला बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की आता ती तेवढंही विचारत नाही.

तू सगळं ऐकलं आहेस, समोर बसून, आणि नंतर किती वेळा टेप लावून. तुला काय काय आठवतं ते मला माहीत नाही. नियमानं तू ते सांगू शकत नसशील तर राहू दे. सांगू शकत असशील तर एखादी ओळ पाठव. कुठलीही. खरी-खोटी मी बघणार नाही.

हे लिहीत असताना माय आत्ता आतून आली आणि माझ्या मागं उभी राहिली. तिला वाचता येत नाही हे ठाऊक असूनही मी कागदावर हात ठेवला.

‘कोनाला लिवतोस?’

‘मोनीला.’

‘बरी हाय म्हनाव.’

‘लिहिलंय. अजून काय लिहू, माय? तुझं काही?’

 मला वाटलं सांगेल. पेन तयार धरलं होतं.

‘तुला ठाव असंल तेवढं लिव,’ म्हणाली, आणि ओट्यावर जाऊन बसली.

तेवढं लिहून झालं आहे.

कडुबा